करमुक्ती, सूट की परतावा?
परदेशी प्रवाशाच्या खरेदीवरील कर आणि त्याची परिभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

परदेशी गेलेला प्रवासी तेथील दुकानात एखादी वस्तू विकत घेतो, तेव्हा वस्तूच्या किमतीबरोबरच तो त्या देशाचा विक्रीवरील करही भरत असतो. ती वस्तू घेऊन तो देशाबाहेर पडला, तर हा कर त्याला पूर्णतः किंवा अंशतः परत करण्याची व्यवस्था अनेक देशांनी केली आहे. या व्यवस्थेला मराठीत अद्याप एक निश्चित नाव मिळालेले नाही. वृत्तपत्रे, प्रवाससंस्थांची माहितीपत्रके आणि प्रवाशांचे नित्याचे बोलणे यांत 'करमुक्त खरेदी', 'टॅक्स फ्री', 'ड्यूटी फ्री', 'करसवलत', 'व्हॅट रिफंड' आणि 'करपरतावा' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास योजले जातात.

शब्दांची ही अदलाबदल केवळ शैलीपुरती असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु यांतील प्रत्येक शब्द व्यवहाराचे निराळे चित्र उभे करतो. 'सूट' म्हटले की देणाऱ्याची मर्जी आली; 'मुक्त' म्हटले की कर मुळात लागलाच नाही असा बोध होतो; 'परतावा' म्हटले की पैसे एकदा दिलेले आहेत आणि ते परत येणे बाकी आहे, हे गृहीत धरले जाते. ज्याच्या मनात 'मुक्त' हे चित्र आहे, तो निघण्याच्या दिवशी सीमाशुल्क कचेरीपुढे रांग लावीत नाही आणि पैशांना मुकतो. ज्याच्या मनात 'सूट' आहे, त्याला रहिवासाचा दाखला, वस्तू दाखवण्याची सक्ती, तीन महिन्यांची मुदत या साऱ्या अटी मनमानी वाटतात. या अटी मनमानी नाहीत. त्या एकाच तत्त्वातून निघतात आणि ते तत्त्व व्यवहाराच्या योग्य नावातच सामावलेले आहे, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम एक संज्ञा बाजूस काढणे आवश्यक आहे. 'ड्यूटी फ्री' म्हणजे शुल्कमुक्त दुकान ही संस्था निराळी आहे. आयर्लंडमधील शॅनन विमानतळावर १९४७ साली असे पहिले दुकान उघडले. तेथील माल सीमाशुल्क आणि उत्पादनशुल्क यांच्या दृष्टीने देशाच्या बाजारात उतरलेलाच नसतो. प्रवाशाने प्रस्थानाची तपासणी ओलांडल्यानंतर तो विकला जातो. तेथे कर भरलाच जात नाही, म्हणून परत मिळण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. प्रस्तुत विवेचन शहरातील सामान्य दुकानांत, सामान्य किमतीला, कर भरून केलेल्या खरेदीविषयी आहे.

२. करामागील तत्त्व

आज जगातील बहुसंख्य देशांत रूढ असलेला मूल्यवर्धित कर हा फ्रान्सची देणगी होय. मोरिस लोरे या अधिकाऱ्याच्या प्रेरणेने फ्रान्सने तो १९५४ साली स्वीकारला. उत्पादनाच्या आणि वितरणाच्या प्रत्येक टप्प्यावर कर आकारावयाचा, परंतु मागील टप्प्यावर भरलेला कर त्यातून वजा करू द्यावयाचा, ही त्याची रचना. परिणामी कराचा सर्व भार शेवटच्या ग्राहकावर येऊन पडतो. हा कर उत्पादनावर नसून उपभोगावर आहे, असे म्हणतात ते याच अर्थाने.

उपभोगावरील कर कोणत्या देशाने घ्यावा, या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. वस्तू जेथे निर्माण झाली त्या देशाने, किंवा ती जेथे वापरली जाणार त्या देशाने. पहिल्यास उत्पत्तिस्थानाचे तत्त्व आणि दुसऱ्यास गंतव्यस्थानाचे तत्त्व म्हणता येईल. मूल्यवर्धित कर आकारणाऱ्या देशांनी आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी सामान्यतः दुसरे तत्त्व मान्य केले आहे. निर्यात मालावरील कर उतरवावयाचा आणि आयात मालावर तो चढवावयाचा. निर्यातीवर कराचा दर शून्य धरला जातो आणि निर्यातदाराने मागील टप्प्यांवर भरलेला करही त्याला परत दिला जातो.

आता मिलान शहरातील एका व्यापाऱ्याची कल्पना करावी. तो शंभर कोट जहाजाने मुंबईस पाठवतो. त्यांवर इटलीचा कर नाही. त्याच दुकानातून एक प्रवासी एक कोट विकत घेऊन सामानाच्या पेटीतून मुंबईस आणतो. गंतव्यस्थान दोन्ही ठिकाणी एकच आहे. भेद एवढाच की, दुसऱ्या वेळी विक्रेत्याला गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या ग्राहकाच्या कोटाचे पुढे काय होणार हे ठाऊक नसते. तो कोट मिलानच्या रस्त्यावरच झिजू शकतो. म्हणून कर आधी घ्यावयाचा आणि वस्तू सीमा ओलांडून गेल्याचे सिद्ध झाल्यावर तो परत द्यावयाचा, असा मार्ग काढण्यात आला. प्रवाशाचा करपरतावा हा अशा रीतीने उशिरा मान्य झालेल्या निर्यातीचा हिशेब आहे.

हे तत्त्व मराठी वाचकाला सर्वस्वी अपरिचित नाही. महाराष्ट्रातील नगरांत जकात होती, तेव्हा ती हद्दीत उपभोग, उपयोग किंवा विक्री यांसाठी येणाऱ्या मालावर घेतली जात असे. राज्यघटनेतील त्या कराची नोंदही अशाच शब्दांत होती. हद्दीत आलेला माल पुन्हा हद्दीबाहेर गेल्याचे दाखवल्यास भरलेली जकात परत मागण्याची सोय नियमांत असे, आणि 'जकातीचा परतावा' हा शब्दप्रयोग व्यापाऱ्यांच्या तोंडी रुळलेला होता. मुंबई महानगरपालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर संपली. नाक्यावर मालाचे कागद तपासून बाहेर जाण्याची नोंद करणारा जकात-कारकून आणि विमानतळावर पत्रकावर शिक्का मारणारा सीमाशुल्क अधिकारी यांचे काम तत्त्वतः एकच होय.

या तत्त्वावरून दोन गोष्टी आपोआप निष्पन्न होतात. एक, सेवांवरील कर परत मिळत नाही. हॉटेलातील खोली, उपाहारगृहातील जेवण, टॅक्सीचे भाडे यांचा उपभोग तेथल्या तेथे संपतो. त्यांची निर्यात होत नाही. दुसरी, जेथे असा राष्ट्रीय करच नाही तेथे परताव्याची राष्ट्रीय व्यवस्थाही नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विक्रीकर हा राज्यांचा आणि स्थानिक संस्थांचा आहे. केंद्र सरकार तो घेत नाही, म्हणून परदेशी प्रवाशाला परतही करीत नाही. न्यूयॉर्कच्या दुकानात 'व्हॅट रिफंड' मागणारा प्रवासी अस्तित्वात नसलेल्या गोष्टीची मागणी करीत असतो.

३. कायद्याची भाषा आणि दुकानावरील पाटी

भिन्न भाषांतील संज्ञांची तुलना केली असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. कायद्याची भाषा या व्यवहाराला निर्यात म्हणते. दुकानावरील पाटी त्याला मुक्ती म्हणते.

जर्मन कायद्यात या तरतुदीचे नाव आहे 'आउसफूरलीफरुंग इम निष्ट-कोमेर्त्सिएलन रायझेफेर्केअर', म्हणजे अव्यापारी प्रवासी-वाहतुकीतील निर्यात-पुरवठा. नाव लांबलचक खरे, पण त्यात व्यवहाराची संपूर्ण व्याख्या आली आहे: पुरवठा आहे, तो निर्यातीसाठी आहे, निर्यात प्रवाशाकडून होते आणि तिचा हेतू व्यापाराचा नाही. ब्रिटनमध्ये या योजनेचे अधिकृत नाव 'रिटेल एक्स्पोर्ट स्कीम', म्हणजे किरकोळ निर्यात योजना असे होते. दुकानांच्या काचांवर मात्र 'टॅक्स फ्री' हीच अक्षरे दिसत. जपानमध्ये हा विरोध सर्वांत ठळक आहे. तेथील उपभोग कर १९८९ साली ३ टक्क्यांनी सुरू झाला आणि २०१९ मध्ये सामान्य दर १० टक्के झाला. कर न लावता परदेशी प्रवाशाला विक्री करण्याची परवानगी असलेल्या दुकानाला कायदा 'युशुत्सु बुप्पिन हानबाइजो', म्हणजे निर्यात-वस्तूंचे विक्रीस्थान, असे म्हणतो. पण लोकभाषेत ते 'मेन्झेई-तेन' आहे. 'मेन्झेई' म्हणजे करापासून सुटका. हाच शब्द विमानतळावरील शुल्कमुक्त दुकानालाही लागू होतो, त्यामुळे दोहोंतील भेद दाखवण्यासाठी जपानी व्यापारी 'टॅक्स फ्री' आणि 'ड्यूटी फ्री' हे इंग्रजी शब्दच योजतात.

फ्रेंच भाषेतील 'देताक्स' हा शब्द या दोन टोकांच्या मध्ये बसतो. त्यातील 'दे' हा उपसर्ग आधी असलेली गोष्ट काढून टाकल्याचा अर्थ देतो. कर होता आणि तो उतरवला, एवढे त्यातून कळते. का उतरवला ते कळत नाही. स्पॅनिश व्यवस्थेचे 'दिवा' हे नाव 'कराची परतफेड' या अर्थाच्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले आहे. तेथे क्रिया स्पष्ट आहे, कारण अध्याहृत आहे.

मराठीतील 'परतावा' हा शब्द स्पॅनिश शब्दाच्या जातीचा. 'मेळणे' पासून 'मेळावा' आणि 'देखणे' पासून 'देखावा', तसा 'परतणे' पासून 'परतावा'. परंतु आधुनिक मराठीत त्याला दुसराही अर्थ चिकटला आहे. गुंतवणुकीवर मिळणाऱ्या उत्पन्नालाही आपण परतावाच म्हणतो. पहिल्या अर्थी परतावा म्हणजे आपलेच पैसे परत येणे. दुसऱ्या अर्थी तो वर मिळालेला लाभ. 'पॅरिसच्या खरेदीवर चांगला परतावा मिळतो' या वाक्यात हे दोन अर्थ नकळत मिसळतात आणि खरेदी हीच जणू कमाई होते. 'सूट' या शब्दाची अडचण निराळी. तो विक्रेत्याने किमतीत केलेली घट आणि शासनाने करात दिलेली माफी या दोहोंना लागतो. प्रस्तुत व्यवहारात यांपैकी एकही घडत नाही.

४. 'पर्यटक' कोण?

योजनांच्या नावांत बहुधा 'पर्यटक' हा शब्द येतो, आणि मराठीत त्याला सहज 'परदेशी' हे विशेषण लागते. त्यामुळे हक्क नागरिकत्वावर अवलंबून असावा अशी समजूत होते. युरोपीय संघाच्या मूल्यवर्धित कराविषयीच्या २००६ च्या निर्देशात कसोटी आहे ती रहिवासाची: ज्याचा कायमचा पत्ता किंवा नित्याचे वास्तव्य संघाच्या क्षेत्रात नाही असा प्रवासी. पारपत्र किंवा ओळखपत्र हा त्या वास्तव्याचा पुरावा होय. परिणामी म्युनिकमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेला पुण्याचा अभियंता भारतीय पारपत्र दाखवूनही या परताव्यास पात्र नाही, आणि पुण्यात राहणारा जर्मन नागरिक तसा पुरावा दिल्यास पात्र ठरतो. ज्यांना 'परदेशी' हा शब्द प्रमाण वाटतो, त्यांना हे उफराटे भासेल. निर्यातीच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात विसंगती नाही. वस्तू कोठे वापरली जाणार हे वास्तव्य सांगते, नागरिकत्व सांगत नाही.

सर्व देशांची कसोटी मात्र एक नाही. सिंगापूर आपले नागरिक आणि कायम निवासी या दोघांनाही वगळते. ऑस्ट्रेलियाने याच्या उलट टोक गाठले आहे. तेथील वस्तू व सेवा कर १ जुलै २००० रोजी १० टक्क्यांनी सुरू झाला, आणि त्यासोबतच्या योजनेचे नाव 'टुरिस्ट रिफंड स्कीम' असले, तरी देशाबाहेर जाणारा ऑस्ट्रेलियन नागरिकही तिचा लाभ घेऊ शकतो. नावातील पर्यटक तेथे केवळ नावापुरता आहे. नियमातील मुख्य पद 'देशाबाहेर नेलेली वस्तू' हे आहे.

५. मुदत, सीमा आणि शिक्का

युरोपीय निर्देशातील मुदतीचे शब्द काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहेत. ज्या महिन्यात खरेदी झाली त्या महिन्यानंतरच्या तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपूर्वी वस्तू संघाबाहेर गेली पाहिजे. ५ मार्चची खरेदी असो वा ३१ मार्चची, दोहोंची मुदत ३० जूनलाच संपते. 'तीन महिने' असे संक्षेपाने सांगितले की ५ मार्चचा ग्राहक ५ जूनला आपला हक्क बुडाला असे समजतो. वस्तुतः त्याच्या हाती आणखी पंचवीस दिवस असतात.

सीमेविषयीचा गैरसमज याहून महाग पडतो. पॅरिसमध्ये खरेदी करून फ्रँकफुर्टमार्गे मुंबईस येणाऱ्याला सामान्यतः संघातून बाहेर पडण्याच्या ठिकाणी, म्हणजे फ्रँकफुर्टला, सीमाशुल्काची मान्यता घ्यावी लागते. येथे 'देश सोडणे' आणि 'संघ सोडणे' या दोन कल्पनांचा भेद महत्त्वाचा ठरतो. स्वित्झर्लंड एकाच प्रवेशपत्रावर फिरता येणाऱ्या शेंगेन क्षेत्रात आहे, परंतु युरोपीय संघात नाही. पॅरिसहून आगगाडीने झुरिकला जाऊन तेथून मायदेशी परतणारा प्रवासी फ्रान्सची सीमा ओलांडतानाच संघाबाहेर पडलेला असतो. झुरिकच्या विमानतळावर त्याला फ्रान्सच्या पत्रकावर युरोपीय शिक्का मिळत नाही.

मान्यतेच्या वेळी वस्तू दाखवण्याची तयारी असावी लागते, कारण निर्यातीचा पुरावा म्हणजे वस्तूच. म्हणून ती असलेली पेटी विमान कंपनीच्या स्वाधीन करण्यापूर्वी सीमाशुल्क कचेरीत जाणे श्रेयस्कर असते. फ्रान्समध्ये आता 'पाब्लो' नावाच्या यंत्रापुढे पत्रकावरील बारकोड धरला की मान्यता नोंदली जाते. तरीही अधिकाऱ्याने बोलावल्यास वस्तू दाखवावी लागते. यंत्राने शिक्क्याची जागा घेतली, पुराव्याची नव्हे.

किमान खरेदीची मर्यादा हाही पुराव्याच्या खर्चाचाच परिणाम होय. लहान रकमेसाठी तपासणीचा खर्च परवडत नाही. युरोपीय निर्देशात १७५ युरोंहून अधिक खरेदीची अट असली, तरी सदस्य देशांना ती कमी करता येते. फ्रान्समध्ये ती १०० युरोंहून अधिक आहे; इटलीने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती १५४.९५ युरोंवरून ७० युरोंपर्यंत खाली आणली. स्पेनने २०१८ साली ती काढूनच टाकली.

६. परत मिळणारी रक्कम

कराचा दर आणि परत मिळणारी रक्कम यांच्यातील अंतर ही प्रवाशांची नेहमीची तक्रार असते. तिची दोन कारणे आहेत. पहिले केवळ गणिताचे. युरोपात दुकानातील किमतीत कर समाविष्ट असतो. दर २० टक्के असेल, तर १,२०० युरोंच्या वस्तूत मूळ किंमत १,००० युरो आणि कर २०० युरो असतो. तो प्रवाशाने मोजलेल्या किमतीच्या एक-षष्ठांश, म्हणजे १६.६७ टक्के भरतो. '२० टक्के परत' ही अपेक्षा प्रारंभापासूनच चुकीच्या पायावर उभी असते.

दुसरे कारण मध्यस्थाचे. युरोपातील अनेक दुकाने परताव्याचे काम विशेष कंपन्यांकडे सोपवतात. स्वीडनमध्ये १९८० साली सुरू झालेली, आज 'ग्लोबल ब्लू' या नावाने ओळखली जाणारी कंपनी हे त्यांतील प्रमुख उदाहरण होय. दुकान, सीमाशुल्क खाते आणि प्रवासी यांना जोडण्याच्या कामाचा मोबदला या कंपन्या परताव्यातूनच कापून घेतात. फ्रान्समध्ये प्रवाशाच्या हाती सामान्यतः किमतीच्या सुमारे १२ टक्के रक्कम पडते, ती यामुळे.

संयुक्त अरब अमिरातीत हा हिशेब नियमातच सांगितलेला असल्यामुळे उदाहरणास सोयीचा आहे. तेथे मूल्यवर्धित कर १ जानेवारी २०१८ रोजी ५ टक्क्यांनी सुरू झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्यटकांसाठी परताव्याची योजना अमलात आली. प्रारंभीच्या नियमानुसार किमान खरेदी २५० दिरहम होती. भरलेल्या कराच्या ८५ टक्के रकमेतून प्रत्येक पत्रकामागे ४.८० दिरहम वजा करून बाकी प्रवाशाला मिळे. १,०५० दिरहमांच्या खरेदीत कर ५० दिरहम. त्याचे ८५ टक्के म्हणजे ४२.५०, वजावट जाता ३७.७० दिरहम. २५२ दिरहमांच्या खरेदीत कर १२ दिरहम, त्याचे ८५ टक्के १०.२० आणि हाती येणारे ५.४० दिरहम. पहिल्या ग्राहकाला कराचा तीन-चतुर्थांश भाग परत मिळाला, दुसऱ्याला निम्म्याहूनही कमी. ऑस्ट्रेलियात हे काम शासनाचे सीमादल स्वतः करते आणि त्यासाठी शुल्क आकारीत नाही. तेथे एका विक्रेत्याकडून साठ दिवसांत किमान ३०० डॉलरांची खरेदी केलेली असल्यास कराची संपूर्ण रक्कम, म्हणजे किमतीचा एक-अकरांश, परत मिळते. तत्त्व दोन्हीकडे एकच असूनही हाती पडणारे फळ भिन्न आहे. हा भेद पुराव्याचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांचा आहे.

७. तत्त्वाचा दुसरा अर्धा भाग

गंतव्यस्थानाच्या तत्त्वाला दोन बाजू आहेत. एका देशाने कर उतरवला, तर दुसऱ्याने तो चढवला पाहिजे. प्रवाशाच्या बाबतीत दुसरी बाजू बहुधा लंगडी राहते. कारण मायदेशी परतणाऱ्याला ठरावीक किमतीपर्यंतच्या वस्तू शुल्क न भरता आणण्याची मुभा सर्वत्र असते. या मर्यादेच्या आतील वस्तूवर मग कोणताच देश कर घेत नाही.

जर्मनी-स्वित्झर्लंड सीमेवरील कॉन्स्टान्झ शहरात हा प्रश्न रोजचा आहे. सीमेपलीकडील स्विस रहिवासी तेथे आठवड्याची खरेदी करतात. जर्मनीचा सामान्य दर १९ टक्के. स्वित्झर्लंडचा २०२४ पासून ८.१ टक्के. दुकानदाराने दिलेल्या निर्यातपत्रकावर सीमेवरील अधिकाऱ्याचा शिक्का घ्यावयाचा आणि पुढच्या खेपेस दुकानातून कराची रक्कम परत घ्यावयाची, असा तेथील परिपाठ. लहान लहान रकमांच्या पत्रकांचा भार सीमाशुल्क कर्मचाऱ्यांवर इतका वाढला की, जर्मनीने १ जानेवारी २०२० पासून ५० युरोंहून अधिक खरेदीची अट घातली. पुढे स्वित्झर्लंडनेही आपली बाजू आवळली. १ जानेवारी २०२५ पासून कर न भरता आणावयाच्या वस्तूंची मर्यादा प्रत्येक व्यक्तीमागे ३०० फ्रँकांवरून १५० फ्रँकांवर आली. पहिल्या देशाने पुराव्याचा खर्च मर्यादित केला. दुसऱ्याने खरी सूट कमी केली.

येथे 'सूट' हा शब्द प्रथमच योग्य ठिकाणी पडतो. परदेशाने परत केलेला कर ही सूट नव्हे. मायदेशाने सामानावर न घेतलेला कर ही सूट होय. भारतात परतणाऱ्या प्रवाशाच्या बाबतीतही हा भेद पाळला पाहिजे. पॅरिसला मिळालेला शिक्का मुंबईच्या विमानतळावरील शुल्कापासून संरक्षण देत नाही. सामानविषयक नियमांतील मर्यादेपलीकडे किंमत गेल्यास ते शुल्क देणे प्राप्तच आहे, आणि शिक्का असलेले पत्रक हाच त्या खरेदीचा पुरावा ठरू शकतो.

८. दोन माघारी

या व्यवस्थेचे नाव काय ठेवावे यावर तिचे भवितव्यही काही अंशी अवलंबून असते. कॅनडाने आपली परतावा-योजना १ एप्रिल २००७ पासून बंद केली. ब्रिटनची कथा अधिक बोधप्रद आहे. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर संघातील प्रवाशांनाही हा परतावा देणे ओघाने आले असते. त्यामुळे वाढणारा खर्च पुढे करून शासनाने २०२१ च्या प्रारंभापासून ही योजना उत्तर आयर्लंड वगळता बंद केली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी नवी योजना आणण्याची घोषणा केली. १७ ऑक्टोबर रोजी त्यांचे उत्तराधिकारी जेरेमी हंट यांनी ती रद्द केली. या वादात योजनेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. ती निर्यात असेल, तर तिचा 'खर्च' हा शब्दच गैरलागू. जो कर आपला नव्हेच तो परत करण्यात तोटा कसला? ती पर्यटनास उत्तेजन देणारी सवलत असेल, तर खर्च आणि लाभ यांचा ताळा पाहणे क्रमप्राप्त आहे. शासनाने दुसरी दृष्टी स्वीकारली. मात्र दुकानदाराने वस्तू थेट परदेशी पत्त्यावर पाठवल्यास तिच्यावर कर लागत नाही, ही निर्यातीची वाट खुली राहिली. लंडनच्या दुकानातून पुण्यास टपालाने पाठवलेला कोट करमुक्त आणि तोच कोट पेटीत घालून आणला तर करपात्र, अशी ही अवस्था आहे.

जपानची माघार दुसऱ्या प्रकारची. तेथे पात्र प्रवाशाकडून दुकानातच कर घेतला जात नसे. 'मेन्झेई' हा शब्द तेथे अक्षरशः खरा होता. २०१४ साली खाद्यपदार्थ आणि प्रसाधने यांचाही या योजनेत समावेश झाला. परंतु कर न भरता घेतलेला माल देशाबाहेर न नेता देशातच विकण्याचे प्रकार वाढले. तेव्हा आधी कर भरावा आणि प्रस्थानाच्या वेळी सीमाशुल्क खात्याने वस्तू पाहिल्यावर तो परत मिळावा, असा बदल ठरून त्यासाठी १ नोव्हेंबर २०२६ ही तारीख मुक्रर करण्यात आली. मुक्तीकडून परताव्याकडे झालेला हा प्रवास म्हणजे कायद्यातील 'निर्यात' या पदाला त्याचा पुरावा मिळवून देण्याचा प्रयत्न होय.

९. भारतीय तरतूद आणि मराठी संज्ञा

भारताच्या २०१७ च्या एकात्मिक वस्तू व सेवा कर अधिनियमात या विषयाला वाहिलेले कलम आहे. कलम १५ अन्वये भारत सोडून जाणाऱ्या पर्यटकाने देशाबाहेर नेलेल्या वस्तूंवरील एकात्मिक कर परत करावयाचा आहे. पर्यटक म्हणजे सामान्यतः भारतात न राहणारी आणि सहा महिन्यांपेक्षा अधिक नाही इतक्या काळासाठी वैध, स्थलांतरेतर हेतूने येणारी व्यक्ती, असे स्पष्टीकरण त्यात दिले आहे. येथेही कसोटी वास्तव्याची आहे. लगेचच्या कलम १६ मध्ये निर्यातीवरील शून्य दराची तरतूद येते. याच अधिनियमात वस्तूंची निर्यात म्हणजे भारतातून भारताबाहेरील ठिकाणी वस्तू नेणे, अशी व्याख्या आहे. शब्दशः पाहिल्यास प्रवाशाची पेटी या व्याख्येत सहज मावते. तरी कायद्याने तिला निर्यातीच्या शेजारी, पण निराळ्या घरात ठेवले आहे. १ जुलै २०१७ पासून जी कलमे अमलात आली, त्यांत कलम १५ चा समावेश नव्हता.

ही तरतूद अमलात येते तेव्हा मराठी भाषक ग्राहकाच्या जागी नसून विक्रेत्याच्या जागी असतो. येवल्याचा पैठणी-विक्रेता किंवा कोल्हापूरचा चप्पल-विक्रेता यास पत्रक भरावे लागेल, ग्राहकाला अटी समजावून सांगाव्या लागतील, आणि सुटीत घरी आलेल्या परदेशस्थ मराठी कुटुंबापैकी कोण पात्र आणि कोण अपात्र हेही सांगावे लागेल. ते पत्रक मराठीत कोणत्या शब्दांनी लिहिले जाईल, हा प्रश्न त्या वेळी केवळ परिभाषेचा राहणार नाही.

या दृष्टीने चार संज्ञांची कक्षा ठरवून घेणे इष्ट होईल. प्रस्थान-कक्षातील दुकानांसाठी 'शुल्कमुक्त'. ज्या वस्तूंवर कायद्याने करच नाही त्यांच्यासाठी 'करमुक्त'. मायदेशी आणलेल्या सामानावरील मुभेसाठी 'सूट'. आणि प्रस्तुत व्यवहारासाठी 'प्रवासी-निर्यात करपरतावा'. या शेवटच्या संज्ञेत 'परतावा' हा रुळलेला शब्द कायम राहतो. 'कर' या पदामुळे तो गुंतवणुकीच्या लाभापासून वेगळा पडतो. आणि 'निर्यात' या पदामुळे वास्तव्य, मुदत, सीमा आणि वस्तू दाखवण्याची सक्ती या अटींचे कारण नावातूनच कळते. संज्ञा किंचित लांब आहे, हा आक्षेप मान्य केला पाहिजे. परंतु व्यापाऱ्यांनी 'जकातीचा परतावा' हा शब्दप्रयोग पिढ्यान्पिढ्या वापरला, तो हद्दीबाहेर गेलेल्या मालाचाच परतावा आहे हे त्यांना ठाऊक होते म्हणून. नव्या पत्रकावरील नावाने तेवढेच ज्ञान दुकानदाराला आणि प्रवाशाला दिले, तर लांबीची तक्रार फार काळ टिकणार नाही.